पान वाचण्याची विद्या

मराठीत 'पान' हा शब्द मोठा सोशिक आहे. झाडाचे पान, पोथीचे पान, पंगतीतले पान आणि पत्त्यांतले पान अशी चार ओझी तो एकटा वाहतो. 'पत्ता' हाही मुळात पत्रच. त्यामुळे 'पान वाचणे' असे म्हटले की आम्हा मराठीच्या मास्तरांना आपल्या व्यवसायाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. पण गेली दोन वर्षे हा शब्दप्रयोग आमच्या विभागात भलत्याच अर्थाने रूढ झाला आहे, आणि त्याचीच ही हकीकत व त्याआडून निघालेला थोडासा इतिहास.

आमच्यापैकी एकाची भाची पुण्याला नोकरीला असते. दिवाळीला ती वाशिमला आली आणि जाताना टॅरोच्या पत्त्यांचा कॅट इथेच विसरून गेली. सोबत एक पातळ पुस्तिकाही होती. फोन केला तर म्हणाली, "राहू द्या मामा, माझ्याकडे दुसरा आहे. तुम्हीच शिका." आम्ही दोघे त्या दिवशी परीक्षेच्या पर्यवेक्षणातून मोकळे झालो होतो. थट्टा म्हणून पेटी उघडली आणि मग, खरे सांगायचे तर, शिकलो.

नवशिक्याला पहिला धडा असा देतात, की रोज सकाळी एकच पान काढावे, अर्थ पाहण्याआधी चित्र पाहावे, जे दिसले ते वहीत लिहावे आणि संध्याकाळी दिवसाशी ताडून पाहावे. मग तीन पानांची मांडणी येते: मागचे, आत्ताचे, पुढचे. मग दहा पानांची. पाने एकूण ७८. त्यांतली २२ मोठी, नावानिशी वावरणारी, म्हणजे मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, संन्यासी, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य. आणि ५६ लहान, ती प्याले, तलवारी, दंड आणि मोहरा अशा चार रंगांत विभागलेली. पान उलटे पडले तर अर्थही उलटा किंवा अडलेला. हे सारे आठ दिवसांत पाठ होते. जे आठ दिवसांत येत नाही ते म्हणजे दोन पानांमधले वाक्य. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद सापडत नाही, अशी नवशिक्याची अवस्था असते. व्याकरण शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसांना ही अवस्था ओळखीची वाटली.

आमचे पहिले पान 'मूर्ख' निघाले. कड्याच्या टोकावर एक तरुण हातात फूल घेऊन, खांद्यावरच्या काठीला गाठोडे बांधून, आभाळाकडे पाहत चालला आहे आणि पायाशी पांढरे कुत्रे. पुस्तिकेत 'नवी सुरुवात, निरागसपणा' असे काहीसे दिले होते. आम्हाला मात्र रिद्धपूरचे गोविंदप्रभू आठवले. म्हाइंभटांनी ज्यांच्या लीळा जपून ठेवल्या आणि गावाने ज्यांना वेडे ठरवले, ते. वऱ्हाडातल्या मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काय आठवणार? पण इथेच एक गोष्ट ध्यानात आली. चित्र बोलत नाही. चित्र पाहणाऱ्याच्या साठ्यातून काहीतरी वर येते आणि त्यालाच आपण पानाचा अर्थ म्हणतो.

मग सवयीप्रमाणे आम्ही या पानांचा इतिहास धुंडाळला आणि तो पत्त्यांपेक्षा अधिक रंजक निघाला. टॅरो ही मुळात विद्या नव्हेच, तो खेळ आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सरदार-दरकदारांच्या घरी हुकुमाचा एक खेळ खेळत. फेराराच्या दरबारी हिशेबात १४४२ साली या पत्त्यांचा उल्लेख सापडतो. मिलानच्या व्हिस्कॉन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेली पाने आजही संग्रहालयांत आहेत. म्हणजे सम्राज्ञी, संन्यासी, मृत्यू हे सारे हुकुमाचे पत्ते होते. डाव मारायचे, भविष्य सांगायचे नव्हे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये या खेळावर भला मोठा ग्रंथ लिहून हे पुराव्यानिशी मांडले.

खेळाची पोथी केव्हा झाली? १७८१ साली. कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात जाहीर केले, की ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गूढ ज्ञान आहे आणि ते जाळपोळीतून वाचावे म्हणून खेळाच्या रूपात लपवलेले आहे. गंमत अशी, की त्या वेळी जगात कोणालाही इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. शांपोलियाँला ती उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. न वाचता येणाऱ्या लिपीचा आधार देऊन वाचनाची विद्या उभी राहिली! पुढे चारच वर्षांत, आपले नाव उलटे लिहून 'एतेय्या' असे धारण केलेल्या अलिएत नावाच्या गृहस्थाने टॅरोवरून भविष्य कसे सांगावे याचे पुस्तक काढले. उलट्या पानाला उलटा अर्थ लावणारी विद्या उलट्या नावाच्या माणसाने रुजवावी, हेही योग्यच म्हणायचे.

आज नवशिक्यांच्या हाती जी पाने पडतात ती मात्र आणखी अलीकडची, १९०९ सालची. आर्थर वेट यांनी योजना केली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काही महिन्यांत सगळी चित्रे काढली. त्याआधीच्या बहुतेक कॅटांत लहान पाने आपल्या साध्या पत्त्यांसारखीच असत: सात मोहरा म्हणजे सात मोहरा, बस्स. पामेलाने त्यांतल्या बहुतेक पानांवर माणसे उभी केली आणि त्यांना काही ना काही करायला लावले. म्हणून पुस्तक न उघडताही ती पाने वाचता येतात. नवशिक्याची खरी गुरू ती. काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे, अशी तक्रार तिने एका पत्रात केली होती. १९५१ साली ती वारली तेव्हा हाती फारसे काही नव्हते, आणि कॅट कित्येक वर्षे प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. इतिहासात चित्र काढणाऱ्यापेक्षा अर्थ सांगणाऱ्याचे नाव मोठे होते, याचा हा एक नमुना.

आपल्याकडे पत्ते होतेच. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तर आपल्या परिचयाची: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा पाने, अशी १२० गोल पाने. ही कला विझत चालली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात तिला राजवाड्यात आसरा दिला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्यक्ष देव हातात असताना आपल्याकडे या पानांवरून भविष्य सांगण्याची परंपरा उभी राहिली नाही. तिकडे मात्र हुकुमाच्या पत्त्यांचे देव झाले. कदाचित आपल्याला गरज नव्हती. आपल्याकडे भविष्याची दुसरी पाने मुबलक होती.

पोपटवाला आठवून पाहा. आमच्या लहानपणी मंगरूळपीरच्या, रिसोडच्या बाजारात हमखास दिसे. पुढे पाकिटांची चळत, बाजूला पिंजरा. दार उघडले की पोपट तुरुतुरु येऊन चोचीने एक पाकीट ओढी, त्यातून देवाचे चित्र निघे आणि पोपटवाला चित्रावरून पुढचे सांगे. हा पत्त्यांचा डाव नाही तर काय? फरक इतकाच, की पाने पिसण्याचे काम पोपटाकडे होते आणि त्यामुळे 'तुम्ही मुद्दाम काढले' असे म्हणायची सोय नव्हती. वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे आणि तो व्यवसाय आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पोपटाच्या दृष्टीने ते बरेच झाले.

त्याच्याही आधीचे म्हणजे पिंगळा आणि कुडमुडे जोशी. झुंजूमुंजू होण्याआधी कंदील घेऊन, कुडमुडे वाजवत येणारा पिंगळा हा पिंगळ्या घुबडाची भाषा जाणतो असे मानत. जोशी समाजाच्या कुडमुडे, डमरूवाले, मेढंगी, सरोदी, सहदेव जोशी अशा शाखा महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आजही नोंदलेल्या आहेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा'त कुणब्याच्या खळ्यावरून अशा फिरस्त्यांकडे किती माप जाते याचा कठोर हिशेब मांडला आहे. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण आम्हाला तो सगळाच पटत नाही. पिंगळा गावोगाव फिरे म्हणून त्याला दहा गावचे पाऊसपाणी, दहा गावची दुखणी माहीत असत; त्याच्या भाकितात बातमीचा अंश असे. आणि गाव त्याला वेशावरून वाचू शकत असे. आता ते वाचनही गेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा लोकांनी वाचल्या होत्या. समोरची माणसे मात्र त्यांना वाचता आली नाहीत.

पण आमच्या जिल्ह्यातली खरी चित्रपाने पंचांगात आहेत, आणि टॅरो शिकू लागेपर्यंत आम्ही ती तशी कधी पाहिलीच नव्हती. वाशिम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला. शेती बहुतांश कोरडवाहू, खरिपात सोयाबीन आणि तूर. इथे मे महिन्याच्या शेवटी चौकाचौकांत एकच चर्चा असते: मृगाचे वाहन काय? सूर्य रोहिणी, मृग, आर्द्रा असा नक्षत्रांतून पुढे सरकतो, प्रत्येकात तेरा-चौदा दिवस राहतो आणि प्रत्येक वेळी कशावर तरी बसून येतो. वाहने नऊ: हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. बेडूक, म्हैस, हत्ती आले की शेतकऱ्याचा चेहरा खुलतो, कारण पाण्यात रमणारी ही जनावरे. कोल्हा आणि मेंढा आले की कपाळाला आठी. घोडा असला तर पाऊस डोंगरावर पडणार. बाकीचे अधले-मधले, कुठे आहे, कुठे नाही.

ही नऊ पाने पिसतो कोण? पद्धत सोपी आहे. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या दिवशी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे, सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, येईल त्या संख्येला नवाने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीन उरले तर बेडूक, असे आठापर्यंत, आणि काहीच उरले नाही तर हत्ती. म्हणजे पंचांग सांगते ते आभाळातल्या ढगांवरून नव्हे, भागाकाराच्या बाकीवरून. आणि बाकी काही जिल्ह्यागणिक बदलत नाही. आंबोलीच्या घाटावर आणि रिसोडच्या माळावर एकाच दिवशी एकच बेडूक बसलेला असतो. आंबोलीत तो बुडून जातो. रिसोडला तो विहिरीच्या तळाशी पाणी शोधतो.

हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने हात वर करून विचारले, की मग लोक पाहतात कशाला? प्रश्न रास्त होता. आम्हाला सुचलेले उत्तर असे, की वाहनामुळे चर्चा करता येते. 'पाऊस पडेल का' या प्रश्नावर दोन माणसे दोन मिनिटांहून अधिक बोलू शकत नाहीत. 'या वेळी मेंढा आहे' म्हटले की बी किती घ्यायचे, कोणत्या वावरात आधी पेरायचे, उसनवार कोणाकडून करायची, हे सारे बोलणे निघते. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणणाऱ्या लोकांना चित्रांतून विचार करण्याची सवय आहे. सहदेव-भाडळीच्या नावावर चालत आलेल्या पाऊसपाण्याच्या वचनांतही हीच चित्रभाषा दिसते.

फासे टाकून फळ वाचण्याची पद्धत तर याहून पुरातन. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथे हॅमिल्टन बोवर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक पोथी लागली. तिच्यात वैद्यकाबरोबर 'पाशककेवली' ही फाशांची विद्या आहे: चार बाजूंचा फासा, तीन आकडे, म्हणून ६४ शक्यता आणि प्रत्येकीचे फळ लिहिलेले. पोथीचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. तो साधारण आमच्या गावाचाही वैभवाचा काळ. तेव्हा ते वत्सगुल्म होते, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आणि राजशेखराने काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्न पुढे याच गावात लावले. पाशककेवली गर्ग ऋषींच्या नावावर जैन भांडारांतून शतकानुशतके नकलली गेली. आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्याची जैन भांडारे अभ्यासकांना ठाऊक आहेत ती अपभ्रंश काव्यांसाठी, आणि १९३० च्या दशकात हिरालाल जैन यांनी ती काव्ये संपादून प्रसिद्ध केली म्हणून. पण पोथी उतरून काढणाऱ्या लेखकाला काव्य आणि शकुन या दोहोंत आपण करतो तसा भेद वाटत नसावा. दोन्ही पानेच.

या सगळ्या पद्धतींमध्ये एक प्रश्न दडलेला आहे आणि तो नवशिक्याच्या पुस्तिकेत कधी नसतो. पान कोणाच्या हातात? पंचांग हस्तलिखित होते तोवर ते जोशाच्या काखेत होते. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छापील कागदाला हात लावायला सोवळे लोक कचरत, असे दिवस होते ते. तरी पंचांग खपले आणि भविष्य विकत घेता येऊ लागले. १९७३ मध्ये जयंत साळगावकरांच्या 'कालनिर्णय'ने ते स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगले. दूधवाल्याचा हिशेब आणि चंद्राचे नक्षत्र एकाच चौकोनात आले. आमच्या आयांनी जोशीबुवांना तिथी विचारणे तेव्हापासून सोडले.

या दोन टोकांच्या मध्ये जोतीराव फुले उभे आहेत. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. ते स्वीकारले गेले नाही आणि पुढे शंभरावर वर्षे ते छापून लोकांपुढे आले नाही. नाटकाची सुरुवात अगदी आपल्या विषयाची आहे. एक कुणबीण गरोदर आहे. जोशी दारात येतो, पोटातल्या बाळाला ग्रहांची पीडा सांगतो आणि शांतीच्या निमित्ताने त्या गरीब नवराबायकोला पुरते नागवतो. आम्ही हे नाटक वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत आणि आजवर 'जोशाची लबाडी' याच शब्दांत समजावत आलो. टॅरोच्या नादाने ते पुन्हा वाचले तेव्हा वेगळेच दिसले. जोशी विशेष काही करीतच नाही. तो फक्त वाचतो, आणि समोरच्याला वाचता येत नाही, एवढेच त्याचे भांडवल. म्हणूनच नाटकाचा शेवट जोशाच्या फजितीने होत नाही. तो होतो नवराबायको शाळेत जाऊन शिकायचे ठरवतात तिथे. फुल्यांनी जोशाच्या हातातले पान फाडले नाही. ते कुणबिणीच्या हाती द्यायचा घाट घातला.

(विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये फलज्योतिष विद्यापीठांत शिकवायचे ठरवले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये 'आता जोशी आपल्या वेतनश्रेणीत येणार' असा विनोद झाला होता. असो.)

फलज्योतिष तपासून पाहण्याचा नेटका प्रयत्नही महाराष्ट्रातच झाला. २००८ च्या सुमारास जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या १०० आणि गतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितले. बरोबर उत्तरे ४६ टक्के आली. नाणे उडवले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. टॅरोची अशी परीक्षा घेतली तर निकाल वेगळा लागेल असे आम्हाला वाटत नाही. पण या आकड्यांनी भेंडवळची गर्दी का कमी होत नाही, हे कळत नाही.

भेंडवळ आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही चाल घातली अशी श्रद्धा आहे आणि त्यांचे वंशज ती चालवतात. भोवती अठरा धान्यांचे रिंगण; मध्ये खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे; त्यांवर पाण्याने भरलेली घागर; घागरीवर पापड, कुरडई, सांडोळी, करंजी; शिवाय राजाचे प्रतीक म्हणून विड्याचे पान आणि सुपारी. रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे येऊन काय हलले, काय भिजले, कोणते धान्य रिंगणाबाहेर सांडले ते पाहतात आणि त्यावरून पीक, पाऊस, राजाची गादी, देशाची तिजोरी यांविषयी सांगतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून शेतकरी ऐकायला येतात. मांडणी, प्रतीके, जागांचे अर्थ, रात्रीचा यदृच्छेचा हात आणि सकाळचे वाचन: टॅरोच्या दहा पानांच्या मांडणीशी याचे नाते सांगायला नको. मात्र एक भेद फार मोठा आहे. टॅरोत 'माझे काय होणार' असे विचारतात. भेंडवळला तुरीचे काय होणार असे विचारतात, आणि उत्तर सगळ्यांसमोर उघड्यावर सांगितले जाते. त्यामुळे ते चुकले तर पुढच्या वर्षी सगळ्यांना आठवते. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्याची वर्षानुवर्षे चिकित्सा केली, हेही त्या उघडेपणामुळेच शक्य झाले.

ऐकणाऱ्यांची गरज किती खरी आहे, हे सांगायला आम्हाला लांब जावे लागत नाही. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशिम होता. आमच्या वर्गात त्या घरांतली मुले बसत आली आहेत. मराठीत 'वाचणे' या एकाच रूपाचे दोन अर्थ आहेत. हजेरी घेताना त्यांतला दुसरा अर्थ कधीकधी मनात येतो.

आता त्या मुलीची गोष्ट. मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रवेश घ्यायला आली होती. दिवस जूनचे. मृगाचा एक बरा पाऊस होऊन गेला होता आणि मग आभाळ कोरडे. टेबलावर पत्ते पाहून तिने विचारले, "सर, ह्याच्यात पावसाचं पाहता येते का?" आम्ही हसलो. ती हसली नाही. बाबांनी बियाणे उधारीवर आणले आहे, गावात निम्म्यांनी पेरले आहे, बाबांचे ठरत नाही. त्या वर्षीचे मृगाचे वाहन तिला पाठ होते. घरात सगळ्यांनाच होते.

टॅरो शिकताना आम्ही एकमेकांची पाने काढली होती, घरच्यांची काढली होती, बदलीची, पीएच.डी.ची, गुडघेदुखीची. त्या दिवशी प्रथमच हात आखडला. नवशिक्यांची पुस्तके 'मृत्यूचे पान म्हणजे मृत्यू नव्हे' अशी गोड समजूत घालतात. उधारीच्या बियाण्यावर गोड बोलणे आम्हाला जमले नसते. 'ह्यात पावसाचे काही कळत नाही' असे आम्ही स्पष्ट सांगितले. "तरी एक काढू का?" म्हणाली. तिनेच पिसले, तिनेच काढले.

सात मोहरा. झुडपाला सात मोहरा लगडल्या आहेत आणि एक तरुण शेतकरी लांब दांड्याच्या अवजारावर हनुवटी टेकून त्यांच्याकडे पाहत उभा आहे. आमच्यापैकी एकाने पाठ केलेला अर्थ सांगितला: धीर धरणे, केलेल्या श्रमांचे फळ न्याहाळणे, थोडे थांबणे. तिने पान जवळ घेतले, बराच वेळ पाहिले.

"नाई सर," ती म्हणाली. "हा मानूस पीक नाई पाहून राह्यला. हिसोब करून राह्यला. सा तर देऊन टाकाच्या, येकच याची हाय." आणि खरेच, सहा मोहरा झुडपावर होत्या आणि एक खाली त्याच्या पायांशी पडलेली होती. दोन वर्षे ते पान आमच्या हातून फिरत होते. आम्हाला ती सातवी मोहर वेगळी कधी दिसली नव्हती.

मग तिने तिथूनच बाबांना फोन लावला. पत्त्यांचे नाव काढले नाही. बांधाजवळ आणि मधल्या वावरात, दोन्ही ठिकाणी उकरून ओल कुठवर आहे ते पाहा, म्हणाली. कृषी विद्यापीठाचे सांगणे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे असते, ते तिला वर्तमानपत्रातून ठाऊक होते. तेही तिने सांगितले. अर्ध्या तासाने उलटा फोन आला. ओल चार बोटांखाली नव्हती. तोवर आम्ही तिचा अर्ज तपासून ठेवला होता. त्यात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना कोरा होता, तो तिने 'शेती' असे लिहून भरला आणि पान कॅटमध्ये परत ठेवले.

त्या वर्षी त्यांच्या घरची पेरणी आर्द्रात झाली. शेजारच्या दोघांना दुबार पेरावे लागले. वाहन त्यांनीही पाहिले होते.